लाइव्हवर कोणता गेम लावू?

वाचकाचं पत्र:

ताई, मी २२ वर्षांची, सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात काम करते. रात्री नऊ ते अकरा यूट्यूबवर मराठीतून लाइव्ह येते. आठ महिने झाले, सबस्क्रायबर २६० आहेत आणि लाइव्हला एका वेळी चार-पाच जण, त्यात दोन मामेभाऊ. बीजीएमआय (मोबाईलवरचा गोळीबाराचा गेम) खेळते, कारण सगळे तेच बघतात. पण प्लॅटिनमच्या वर माझी रँक जात नाही. रँडम स्क्वॉडमध्ये, म्हणजे अनोळखी लोकांच्या टीममध्ये, माइक सुरू केला की मुलगी आहे हे कळतं आणि घाणेरडं बोलणं सुरू होतं, म्हणून गेममधला माइक बंद ठेवते. मारामारीत लक्ष लागलं की स्ट्रीमवरही बोलायचं राहून जातं. घर दोन खोल्यांचं, आईबाबा दहाला झोपतात. लॅपटॉप आठ जीबी रॅमचा, ग्राफिक कार्ड नाही. मैत्रीण म्हणते हॉरर खेळ, भाऊ म्हणतो जीटीए लाव. मला स्वतःला ‘पेपर्स, प्लीज’ आणि ‘स्टारड्यू व्हॅली’ आवडतात, शाळेत असताना बुद्धिबळही खेळायचे. पण ते लाइव्हवर कोण बघणार? हिंदीत बोलू का? एका अ‍ॅपवाल्याने महिन्याला आठ हजार देतो असा मेसेज केलाय, रंग ओळखून पैसे लावायचं अ‍ॅप आहे. सोमवारपासून काय लावू, सांग ना.

उत्तर:

सोमवारी ‘पेपर्स, प्लीज’ लाव. बुधवारी बुद्धिबळ. बीजीएमआय आठवड्यातून एकच दिवस, तोही ओळखीच्या मुलींच्या स्क्वॉडबरोबर. हे मी का म्हणते ते मात्र सविस्तर सांगते, कारण सहा महिन्यांनी तुला पुन्हा गेम निवडायचा असेल आणि तेव्हा तुझा तुला निवडता यायला हवा.

‘सगळे तेच बघतात’ असं तू लिहिलंस. बघतात, खरं आहे. पण तिथे येणारा माणूस काय शोधत येतो? एक तर त्याला कॉन्करर या सगळ्यात वरच्या रँकचा खेळाडू बघून शिकायचं असतं, नाहीतर त्याचा आवडता स्ट्रीमर आधीच ठरलेला असतो. प्लॅटिनमला असलेल्या अनोळखी मुलीकडे तो कुठल्या वाटेने येईल? ट्विचवर (गेमच्या लाइव्हची वेबसाइट) तर एका गेमच्या सगळ्या स्ट्रीमची यादी प्रेक्षकसंख्येनुसार लावता येते, जास्त प्रेक्षक असलेली वर. चार प्रेक्षकांची स्ट्रीम तळाशी, आणि तिथवर कोणी सरकत जात नाही. यूट्यूबवर शोध आणि शिफारशी यांचा मामला आहे, पण परिणाम फारसा वेगळा होत नाही. रात्री नऊला त्या गेमचं नाव टाकून लाइव्हचा फिल्टर लाव आणि स्वतःचं चॅनल सापडतं का बघ. ज्यांना तू माहीत नाहीस त्यांना तू तिथे दिसतच नाहीस. यात तुझ्या कष्टांचा काही दोष नाही.

एकाच गेमवर चॅनल टांगण्याचा धोकाही लक्षात घे. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाईलवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये त्याचीच भारतासाठीची आवृत्ती म्हणून बीजीएमआय आला, २८ जुलै २०२२ ला तो स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. मधले दहा महिने, ज्यांच्या चॅनलची ओळख फक्त त्या गेमशी जोडलेली होती त्यांनी काय केलं असेल, विचार कर. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर या तसल्याच गेमवरही बंदी आली. ज्यांचे प्रेक्षक माणसासाठी यायचे ते दुसऱ्या गेमवर गेले, प्रेक्षकही त्यांच्या मागून गेले. ज्यांचे प्रेक्षक गेमसाठी यायचे त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

आता माझं मुख्य म्हणणं. लाइव्हसाठी गेम निवडताना तो किती लोकप्रिय आहे याआधी एक गोष्ट बघ: तो गेम तुला बोलायला किती मोकळा वेळ देतो? तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मला ‘बोलायचं राहून जातं’ हे वाटलं. तू त्यासाठी स्वतःला बोल लावते आहेस. पण हा त्या गेमचा स्वभाव आहे. लूट गोळा करताना पाच-सहा मिनिटं बोलता येतं, नंतर कान पावलांच्या आवाजाकडे आणि डोळे झाडीकडे. तिथे भल्याभल्यांची वाचा बंद होते. जे कसलेले असतात त्यांचा नेमच बघण्यासारखा असतो, म्हणून त्यांची शांतता खपते. तुझा ऐवज वेगळा आहे. तुझं पत्र वाचताना मला हसू आलं आणि कळवळाही वाटला, आणि तेही साध्या दहा-बारा वाक्यांत. असं सांगता येणारी मुलगी दोन तास गोळ्यांच्या आवाजामागे लपलेली आहे, हे मला बघवत नाही.

दुसरी गोष्ट, प्रेक्षकांना गेममध्ये हात घालायला जागा आहे का? लाइव्ह आणि रेकॉर्डेड व्हिडिओ यांत फरक असतो तो इतकाच. चॅटमध्ये कोणी काही लिहिलं आणि त्यामुळे पडद्यावर काहीतरी बदललं, तर तो माणूस उद्या परत येतो. पण तू बोलतेस आणि प्रेक्षकाला ऐकू येतं यात काही सेकंद जातात. ‘डावीकडे बघ’ हा निरोप पोहोचेपर्यंत बीजीएमआयमध्ये तू मरून लॉबीत परत आलेली असतेस. तेव्हा थांबता येईल, विचारता येईल, उत्तराची वाट बघता येईल असा गेम हवा.

या दोन कसोट्यांवर तुझी यादी तपासू.

हॉरर नको. त्या गेममध्ये लोक स्ट्रीमरचं किंचाळणं बघायला येतात आणि तुझे आईबाबा पलीकडच्या खोलीत झोपलेले असतात. दाबून ठेवलेल्या किंकाळीला काही अर्थ नाही. घर हीदेखील गेम निवडायची एक अट असते, तिची लाज वाटून घेऊ नकोस.

जीटीए ५ ग्राफिक कार्डाशिवाय रडतखडत चालेल, आणि त्याच प्रोसेसरवर तुला ओबीएस हे स्ट्रीम करायचं सॉफ्टवेअरही चालवायचं आहे. दोघंही अडखळतील. शिवाय गाडीतल्या रेडिओवर खऱ्या कलाकारांची गाणी लागतात. ती वाजली की यूट्यूबची कॉपीराइट ओळखणारी यंत्रणा तुझ्या रेकॉर्डिंगवर दावा लावू शकते. सेटिंगमध्ये रेडिओ बंद करता येतो, पण तो विचार तुझा लॅपटॉप बदलेल तेव्हा कर.

‘पेपर्स, प्लीज’बद्दल मात्र मला मनापासून बोलायचं आहे. तू तो खेळली आहेस, पण लाइव्हच्या नजरेने पुन्हा बघ. लुकास पोप या एकट्या माणसाने बनवलेला, २०१३ मध्ये आलेला गेम. १९८२ सालचा आर्स्टोट्झ्का नावाचा काल्पनिक देश, सीमेवरची एक चौकी आणि खिडकीत बसलेला कारकून. समोर रांग. प्रत्येकाचे कागद तपासायचे, तारीख, फोटो, शिक्का जुळतो का बघायचं आणि आत सोडायचं की परत पाठवायचं ते ठरवायचं. माणशी ५ क्रेडिट. दिवसभरातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद, त्यानंतर दंड. संध्याकाळी घरभाडं, जेवण, शेकोटीचा खर्च. पैसे कमी पडले तर घरात कोणीतरी थंडीत आजारी पडतं.

तू दिवसभर ऑफिसात काय करतेस? व्हाउचर, बिलं, तारखा, सह्या जुळवतेस. एखाद्या बिलावरची तारीख आणि नोंदीतली तारीख वेगळी आहे हे पकडणारी तुझी नजर या खिडकीत बसल्यावर जे बोलेल ते दुसरं कोणी बोलू शकणार नाही. ऑफिसातले लोक, त्यांची नावं, त्यांचे हिशोब यातलं काहीही लाइव्हवर काढायचं नाही हे तुला सांगायला नको. पण शिक्का पुसट असलेला कागद समोर आल्यावर तुझ्या पोटात जे होतं, मार्चअखेरीला रात्री आठला जे वाटतं, ते सांग. नोकरी करणाऱ्या कोणाही मराठी माणसाला ते कळेल. ज्याने आयुष्यात गेम खेळला नाही त्यालाही.

आणि चॅट! एक कागद समोर ठेवून विचार, ‘काय चुकलंय यात?’ चार जण चार गोष्टी शोधतील. सुरुवातीच्याच दिवसांत एक नवरा-बायको येतात. त्याचे कागद बरोबर असतात, तिचा प्रवेश परवाना नसतो. सोडायचं का तिला? तुझे मामेभाऊ यावर आपसात भांडतील बघ, आणि ते भांडण मिटवायला तू चौकीतल्या खिडकीत बसलेली असशील. घड्याळ चालू असतं, म्हणजे तू चॅटचं ऐकायला थांबलीस की रांग खोळंबते आणि संध्याकाळी भाड्याला पैसे कमी पडतात. प्रेक्षकांना त्यांच्या सल्ल्याची किंमत पडद्यावर दिसते. गेमला २० वेगवेगळे शेवट आहेत, त्यामुळे एकदा संपला म्हणजे विषय संपला असं होत नाही.

लॅपटॉपच्या दृष्टीनेही तो हलका आहे. चित्र जवळजवळ स्थिर असतं, त्यामुळे नेट मंदावलं तरी पडदा फुटत नाही. बीजीएमआयमधलं गवत आणि धावपळ कमी बिटरेटवर चिखलासारखी दिसते, हे तू अनुभवलं असशीलच. ७२०पी ठेव, साधारण ४ एमबीपीएसचा अपलोड टिकला तरी पुरे. एक गोष्ट आठवणीने कर: लाइव्ह जाण्याआधी गेमच्या सेटिंगमध्ये नग्नतेचा पर्याय बंद कर. झडतीच्या यंत्रात माणसं उघडी दिसतात, तो पर्याय बंद केला की अंतर्वस्त्रांत दिसतात. यूट्यूबशीही वाद नको आणि मागून आई आली तर तिच्याशीही नको.

आता बुद्धिबळ. ‘कोण बघणार’ हे तू सांगलीत बसून विचारतेस! भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळातून ज्या गावात खेळाडू घडवले, ते हे गाव. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे सांगलीच्याच. आणि जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियात बटुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि त्यासोबत ग्रँडमास्टर किताबही मिळवला. त्यानंतर मराठी घरांत बुद्धिबळाबद्दलचं कुतूहल वाढलंय. शेजारपाजारची पोरं पट मागताहेत. त्यांना मराठीत ‘घोडा इथे का नाही टाकायचा’ हे समजावून सांगणारी, फार मोठी खेळाडू नसलेली, चुकल्यावर मोठ्याने विचार करणारी ताई हवी आहे. तुझं रेटिंग किती हा प्रश्न इथे आड येत नाही. उलट तुझी पातळी बघणाऱ्याच्या पातळीजवळ असली तर त्याला तुझा विचार पकडता येतो.

लीचेस ही बुद्धिबळाची वेबसाइट फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालते, लॅपटॉपला घाम फुटत नाही. फक्त एक काळजी घे. रेटेड डावात, म्हणजे ज्याच्या निकालावर रेटिंग बदलतं त्यात, चॅटने सुचवलेली चाल खेळलीस तर ती बाहेरची मदत ठरते आणि नियमाविरुद्ध जाते, खातं बंद होऊ शकतं. प्रेक्षकांना बरोबर घ्यायचं असेल तेव्हा कोडी सोडव, तिथे काही सेकंदांच्या उशिरानेही काही बिघडत नाही. किंवा प्रेक्षकांपैकीच एकाशी अनरेटेड डाव लाव, दहा-दहा मिनिटांचा. रेटेड खेळायचं असेल तर आधीच सांग की आता कोणी चाल सुचवायची नाही, आणि ते पाळ.

स्टारड्यू व्हॅली राखून ठेव. एरिक बॅरोन या एकाच माणसाने वर्षानुवर्षं खपून केलेला हा शेतीचा गेम २०१६ मध्ये आला. बोलायला वेळ भरपूर, गेममधला एक दिवस साधारण १४ मिनिटांत संपतो. तुझ्या भागात त्याला एक जास्तीची गंमत आहे: ऊस आणि द्राक्षबागा बघत वाढलेल्या माणसांना चार दिवसांत काढणीला येणारं पीक दाखव, मग बघ ते काय काय बोलतात. गायीचं नाव चॅटला ठेवू दे. तरी मी त्याला पहिला नंबर देत नाही, कारण या गेममध्ये फार सुख वाटतं आणि सुखात माणूस गप्प होतो. तू तो दिवसभराच्या थकव्यावर खेळत असशील तर सरळ तुझ्यापुरताच ठेव, लाइव्हवर आणूच नकोस. प्रत्येक आवड प्रेक्षकांसमोर मांडलीच पाहिजे असं नाही. एक तरी गेम असा असावा जिथे तुला कोणी बघत नाही.

बीजीएमआय सोडायला मी सांगत नाही, तुझे आत्ताचे प्रेक्षक त्यावरच आलेत. पण रँडम स्क्वॉड बंद. मुलगी आहे म्हणून शिव्या ऐकायच्या किंवा आवाज मिटून बसायचं, यातलं एक निवडणं ही गेम खेळायची किंमत असता कामा नये. ओळखीच्या तिघी जमल्या तर शनिवारी खेळा, नाही जमल्या तर शनिवार मोकळा. ‘अमंग अस’सारखा, आपल्यात लपलेला खोटारडा ओळखायचा गेमही त्या दिवशी चालेल. खाजगी लॉबीचा कोड फक्त ओळखीच्यांना द्यायचा, म्हणजे आत कोण येणार ते तू ठरवतेस. तो गेम २०१८ मध्ये आला तेव्हा फारसं कोणी विचारलं नव्हतं. दोन वर्षांनी, महामारीत घरात अडकलेली माणसं लाइव्हवर मित्रांबरोबर तो खेळू लागली तेव्हा जगभर पसरला. त्या स्ट्रीमवर लोक एकमेकांवर घेतलेला संशय आणि थापा ऐकायला यायचे, नेम बघायला नाही.

हिंदीत बोलायचं का? नको. प्रेक्षक वाढतील या आशेने तू हिंदीत गेलीस तर पुन्हा त्याच गर्दीच्या तळाशी उभी राहशील, आणि तुझ्या बोलण्यातली सांगली निघून जाईल. चॅटमध्ये कोणी हिंदीत विचारलं तर त्याला हिंदीत उत्तर दे, एवढं बास.

पैशांचा हिशोब तू माझ्यापेक्षा चांगला करशील, तरी मांडून दाखवते. यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४००० तास बघितलं जाणं लागतं (शॉर्ट्सचा मार्ग वेगळा). तू रोज दोन तास लाइव्ह आणि सरासरी पाच प्रेक्षक, म्हणजे दिवसाला १० तास. वर्षभर एकही सुट्टी न घेता ३६५० होतात. म्हणजे नुसत्या लाइव्हवर ते गाठायचं ठरवलंस तर तू आजारी पडशील. म्हणून रेकॉर्डिंग सार्वजनिक ठेव, कारण तेही तास धरले जातात. रँक वाढवण्यासाठी खेळलेल्या डावांचं जुनं रेकॉर्डिंग सहसा कोणी उघडत नाही. ‘पेपर्स, प्लीज’चा मराठीतला पूर्ण प्रवास किंवा बुद्धिबळाच्या एका कोड्यावरची वीस मिनिटं वर्षभरानेही कोणी शोधून काढू शकतं. आणि पहिलं वर्ष पैशांसाठी गेम निवडू नकोस. तुला पगार आहे, ती मोठी मोकळीक आहे.

सोमवारच्या आधी, रविवारी दुपारी एक काम कर. लाइव्ह न जाता अर्धा तास गेम खेळ, ओबीएसवर नुसतं रेकॉर्ड कर, चॅट आहे असं समजून बोल. संध्याकाळी ते रेकॉर्डिंग पडदा न बघता फक्त ऐक, भाजी निवडताना ऐकलंस तरी चालेल. नुसत्या आवाजावरून काय चाललंय ते कळतंय का? ऐकावंसं वाटतंय का? कुठे मोठी शांतता आहे आणि ती का आहे? पुढे कुठलाही नवा गेम आणायचा असेल तेव्हा हीच परीक्षा घे. स्टीम या ऑनलाइन दुकानातून विकत घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात, म्हणजे या परीक्षेला खर्चही नाही. मग निवडलेला गेम निदान सहा आठवडे चालव. पहिल्या दोन आठवड्यांत प्रेक्षक चारवरून दोनवर येतील, कारण काहींना बीजीएमआयच हवा असेल. त्यांना जाऊ दे. सहा आठवड्यांनी प्रेक्षकांचा आकडा बघण्याआधी चॅट उघडून बघ, मामेभावांव्यतिरिक्त कोणी दुसऱ्यांदा आलंय का? एक जरी आलं असेल तरी गेम बदलू नकोस. आणि तूच पुन्हा गप्प व्हायला लागली असशील तर मग आकडा काहीही असो, बदल.

राहिला तो अ‍ॅपवाला. हे मी शेवटी लिहितेय, पण करायचं सगळ्यात आधी आहे. रंग ओळखून पैसे लावायचं अ‍ॅप म्हणजे पैशांचा जुगार, त्याला गेम म्हणायचं कारण नाही. २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची त्यावर सही झाली. पैसे लावायच्या खेळांची जाहिरात करणाऱ्यालाही त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण कायदा नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं. तुझ्याकडे येणारी चार-पाच माणसं तुझ्या शब्दावर विश्वास ठेवतात, त्यातले दोघं तुझ्या मामाचे मुलगे आहेत. त्यांनी पगाराचे पैसे त्यात घातले तर मामीला काय सांगशील? सीएंच्या ऑफिसात काम करतेस, हे पैसे कुठून आले असं उद्या कोणी विचारलं तर तिथेही अडचण. मेसेजचा स्क्रीनशॉट काढून ठेव, ‘नको’ एवढंच उत्तर दे आणि नंबर ब्लॉक कर. बँकेचे तपशील किंवा आधारचा फोटो पाठवला असशील तर आज रात्रीच घरी सांग आणि बँकेला कळव, सोमवारपर्यंत थांबू नकोस.